तानुबाईचा फोटो

मी भित्री आहे. लोकांना हे पटत नाही, कारण मी कोर्टात भल्याभल्यांवर आवाज चढवला आहे. पण कोर्टात काळा कोट असतो, समोर न्यायाधीश असतो, दाराशी शिपाई असतो. तिथं शूर व्हायला काय लागतं? रस्त्यावर कुत्रं भुंकलं तरी मी पदर सावरून पलीकडं जाते. माझी काकू सुगनबाई म्हणते, "रूपल म्हणजे घरात वाघ आणि दारात शेळी." काकूचं खोटं काढायची सोय नाही.

आम्ही मूळचे राजस्थानचे. पारोळ्याला कापडाचं दुकान घातलं माझ्या पणजोबांनी. चार पिढ्या इथंच जन्मल्या आणि इथंच खपल्या, तरी बाजारात आमची ओळख 'मारवाडी' अशीच. म्हणून असेल, वकील झाल्यावर माझ्याकडं बाहेरून आलेल्या लोकांचीच कामं येत गेली. सावद्याला केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे, जिनिंगमध्ये कापूस ओढणारे बिहारी, धुळ्याच्या कडेला पालं ठोकून राहणारे. कुणाचं पाल उठवलं, कुणाला नुसत्या संशयावर आत घेतलं. बार रूममध्ये मला 'परक्यांची वकील' म्हणत. चिडवून म्हणत, पण मला ते आवडायचं.

मग एकदा साक्षीला एक पोरगी आली. डोंगरातली पावरा पोर. तिला मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, ती गप्प. शेवटी शेरा पडला की साक्षीदार उत्तर देऊ शकत नाही. अहो, देऊ शकत होती की! तुम्हाला ऐकता येत नव्हतं. त्या संध्याकाळी मी इतकी संतापले की जेवले नाही. शाळेच्या पुस्तकात त्या पोरीच्या घरातला एक शब्द असता, तर तिला वाटलं असतं की आपलं बोलणं हेही बोलणंच आहे. वकिली हळूहळू सुटली आणि मी पोरांची पुस्तकं करायला लागले. पानावर एक मोठं चित्र आणि खाली तीच ओळ चार बोलींत: मराठी, अहिराणी, पावरी आणि तानुबाईची बोली.

तानुबाई म्हणजे पालावरची. सुया, पोत, काळे मणी विकत गावोगाव फिरणारी. तिचं पाल उठवलं तेव्हा तिची केस मी लढवली होती. केस हरलो, पण बाई मला मिळाली. गोष्ट सांगावी तर तिनं, कधी तिच्या बोलीत, कधी फिरून फिरून तोंडी बसलेल्या अहिराणीत. अक्षरओळख नाही, पण पोरं तिच्या तोंडाकडं बघत बसतात आणि नाक पुसायचंही विसरतात. पुस्तकावर तिचं नाव माझ्या नावाच्या वर असतं. याचा मला फार अभिमान होता. 'होता' म्हणते, कारण पुढं सांगते ते घडलं.

आखाडाचे दिवस होते. पाऊस येऊन-जाऊन होता. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा धुळे-जळगावकडं फिरत होती. प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ. दोन बायका, खांद्याला झोळी, एक पोर रडतंय. कुठला, केव्हाचा, कुणाला ठाऊक नाही. काकूनं तो मला दाखवून म्हटलं होतं, "आठ दिवस घरी बस." मी हसले. शेळी असून हसले, त्याचं आज नवल वाटतं.

आम्ही सोनगीरच्या पुढं एका शाळेत निघालो होतो. मुख्याध्यापकांशी बोलणं झालेलं, सगळं रीतसर. मी परवानगीशिवाय कुठल्या पोराशी बोलत नाही, वकिलीची सवय आहे ती. पण वाटेत एका गावाच्या फाट्यावर गाडीचं चाक बसलं. स्टेपनी आधीच पंक्चर. ड्रायव्हर भटू चाक घेऊन महामार्गाकडं गेला आणि आम्ही दोघी बसथांब्याच्या शेडमध्ये बसलो. शाळेच्या मधल्या सुटीत चार-पाच पोरं तिथं खेळत होती. तानुबाई दिसली की पोरं गोळा होतात, हे मी सांगितलंच.

परवानगीचं विसरून मी पिशवीतून पुस्तक काढलं. नव्या पुस्तकाचं नाव 'तुझ्या घरी पावसाला काय म्हणतात?' आता माझी कामाची पद्धत अशी, की पोरांना आधी घरचं विचारायचं. घरी कोण कोण असतं, आई केव्हा येते, आजी काय म्हणून हाक मारते. म्हणजे त्यांच्या तोंडात घरची बोली येते. मग मी मोबाइलवर ते रेकॉर्ड करून घेते. पुढच्या पुस्तकाचे शब्द असेच मिळतात. किती वर्षं असं करते आहे. हे प्रश्न दुसऱ्या कुणाच्या कानाला कसे लागतील, हा विचार मनाला शिवला नव्हता.

एक डिंपल नावाची पोरगी होती, चौथीतली असेल. ती म्हणाली, "माय सांजले येस. घर आजी शे, पन तिले दिसत नही." मी खूश झाले. काय सुंदर वाक्य! मोबाइल तिच्या तोंडाजवळ धरला. तिचा धाकटा भाऊ रडायला लागला, म्हणून तानुबाईनं त्याला मांडीवर घेतलं आणि झोळीतली मण्यांची पोत काढून त्याच्यापुढं हलवली.

रस्त्यावरून जाणारी एक मोटरसायकल थांबली. मागं बसलेल्या बाईनं आमच्याकडं बघितलं आणि ती किंचाळली.

मला आधी वाटलं, साप निघाला. मी पायाखाली बघितलं. तोवर मोटरसायकलवरचा माणूस धावत आला, त्यानं तानुबाईच्या मांडीवरून पोर हिसकलं आणि ओरडला, "पोरे धराले उन्यात! हाईच त्या व्हिडिओमधली!"

माणसं कुठून येतात हो इतकी? एवढ्याशा गावात मतदानाला येत नाहीत. टपरीवरून आली, शेतातून आली, कुणाच्या हातात वखराचा दांडा, कुणाच्या हातात पाइप. माझी पिशवी कुणीतरी उलटी केली. पुस्तकं चिखलात पडली. माझा मोबाइल गेला, आणि त्यातून डिंपलचाच आवाज यायला लागला: माय सांजले येस, घर आजी शे, पन तिले दिसत नही.

आपलाच आवाज ऐकून डिंपल घाबरली आणि घराकडं पळत सुटली.

"दख," मोबाइल धरलेला माणूस म्हणाला. त्याला धनसिंग म्हणत होते. "घर कोन शे, माय कवय येस, बठ्ठं इचारी लिनं. पोऱ्यास्ना आवाज मोबाइलमा भरी राह्यनी."

मी बोलायला तोंड उघडलं. "अहो दादा, मी पुस्तकं लिहिते." आयुष्यात इतकं पोकळ वाक्य मी उच्चारलं नव्हतं. माझं मलाच ते खोटं वाटलं. कुणीतरी तानुबाईचा दंड धरला. तिची झोळी ओढली, सुया आणि मणी सांडले. ती खाली बसली आणि डोक्यावर हात घेतले. असं बसायचं असतं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे पुढं आले. पांढरी टोपी, हातात छत्री. माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "तू लखीचंदशेठनी आंडेर ना? पारोळानी?"

मी मान हलवली. लखीचंदशेठ म्हणजे माझे वडील.

"पितांबर नाना म्हन्तस माले. मना बठ्ठा घरनं लगीनना बस्ता तुमना दुकानमाच बांधेल शे." ते गर्दीकडं वळले. "आरे, हाई चांगला घरनी आंडेर शे. हात लावू नका." मग मला म्हणाले, "बेटा, तू जाय आते. त्या वडना झाडकडे जाईसन उभी ऱ्हाय."

"आणि ही?"

नानांनी तानुबाईकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता हो तो. पण त्या बघण्यात ओळख नव्हती. "तिले ऱ्हाऊ दे आठे. पोलीस येस तवलोंग."

पोलीस येईपर्यंत काय होईल, हे मला कळत होतं. नानांनाही कळत होतं. धनसिंगला तर कळतच होतं, त्याची मूठ दांड्यावर आवळली होती. गर्दीनं माझ्यासाठी वाट केली. बायका मागं सरल्या. मधून ओला रस्ता दिसला आणि पलीकडं वड.

आणि मी निघाले. खोटं कशाला सांगू? माझं डोकं काही म्हणत होतं की नाही माहीत नाही, पाय निघाले. एक पाऊल पडलं, दुसरं उचललं. तेव्हा तानुबाईनं डोक्यावरचे हात जरा बाजूला करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. विनवणीही नाही. बस निघून गेल्यावर माणूस बघतं तसं नुसतं बघितलं.

मी परत फिरले. धैर्य वगैरे काही नव्हतं. पण वडाखाली उभं राहून पुढचा आवाज ऐकायचा, याची भीती जास्त होती. मी जाऊन तिच्या शेजारी चिखलात बसले आणि तिचा हात धरला.

"ही आमच्या घरची आहे," मी म्हणाले. वकिली इतकी वर्षं केली, पण धडधडीत खोटं असं पहिल्यांदाच बोलले. "लहानपणी मला हिनंच सांभाळलं. ही माझ्या आईसारखी आहे."

कुजबुज झाली. नाना गोंधळले. दोन माणसांनी दांडे खाली केले. मला वाटलं, सुटलो.

पण धनसिंग काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं सांडलेल्या सामानातून तानुबाईचं फडकं उचललं. आत ज्वारी-उडदाच्या कळणाची भाकरी होती, मध्ये चटणी घालून दुमडलेली. त्यानं ते तिच्या मांडीवर टाकलं आणि मला म्हणाला, "सांभाळं ना तिनी तुले? मंग तिना हातनं खायेल व्हई. खाई दखाड. आठेच."

एवढंच ना! मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. खायचं, गिळायचं आणि जायचं. मी हात पुढं केला. तानुबाईनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, माझ्या हातापर्यंत आणला. आणि मागं घेतला.

"नका ताई," ती म्हणाली. "यामा बोंबील शे. तुमना चौमासा चालू शे."

मला वाटलं, आता संपलं. अगं बाई, कुठल्या वेळी काय सांभाळतेस! आम्ही जैन. चौमासात तर पालेभाजीसुद्धा खात नाही. तानुबाईला हे पाठ होतं. इतकी वर्षं बरोबर फिरलो, दुपारी ती एका झाडाखाली तिचं फडकं सोडायची आणि मी दुसऱ्या झाडाखाली काकूनं दिलेला डबा. ती स्वतःच लांब बसायची. मला कधी "तिकडं बस" म्हणावं लागलं नाही, आणि मीही कधी "इकडं ये" म्हटलं नाही. धर्म पाळते एवढंच, असं मी मनाला सांगायची. आता तिची तीच सवय तिच्या जिवावर उठली होती.

"दखं?" धनसिंग ओरडला. "सांभाळं म्हने! एक घास खायेल नही! खोटी शे हाई बी!"

मी तिच्या हातातला तुकडा ओढायला गेले, पण कुणीतरी माझं मनगट पिरगळलं. गर्दी आत आली. मला आभाळ दिसेनासं झालं. तानुबाईनं पुन्हा डोकं हातांत घेतलं. मी डोळे मिटले. णमोकार मंत्र म्हणायला घेतला आणि पहिल्या ओळीच्या पुढं मला काही आठवेना.

"सरका. सरका म्हनं ना!"

एका म्हातारीचा आवाज. डोळे उघडले तर डिंपल तिला हाताला धरून गर्दीच्या कडेवरून पुढं आणत होती. तीच ती, दिसत नसलेली आजी, कुंदाबाई. ती काठीनं माणसांच्या पोटऱ्यांवर टकटक करत आत आली. "कोन बोलनं मघाशी बोंबीलनं?"

तानुबाईच म्हणाली, "मी, माय."

"परत सांग."

"ताईना चौमासा शे. म्हनीसन खाऊ नका म्हनी."

कुंदाबाई काठी टेकत चिखलात बसली. चाचपत तानुबाईचा हात शोधला, हातातला तो तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. सगळं गाव बघत होतं. म्हातारीला दात नव्हते, बराच वेळ गेला.

"मीठ जास्त शे," ती म्हणाली. मग मान वर करून, कुणाकडं बघावं हे माहीत नसल्यासारखी सगळ्यांना म्हणाली, "आरे येडासहोन, चोट्टी ऱ्हाती ते गुपचूप खावाडी देती. मराले टेकनी तरी दुसरीना नेम मोडू दिना नही हिनी. आशी बाई पोऱ्या चोरी का? आते मी हिना हातनं अन्न खादं. हाई मना घरनी पाव्हनी शे. जेले मारनं व्हई त्यानी पहिले माले मारा."

धनसिंग काहीतरी पुटपुटला. "धनसिंग," म्हातारी म्हणाली, "तुनी माय मरनी तवय तुले कोनी पाजं, हाई बी सांगू का बठ्ठासले?" त्यानं दांडा खाली टाकला. मग एका बाईनं वाकून चिखलातलं पुस्तक उचललं आणि पदरानं पुसलं. कुणीतरी मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. गर्दी पांगताना जमते तशी झपाट्यानं पांगत नाही. लोक उगाच रेंगाळले. एकानं तर चहा आणला.

पोलीस आले तेव्हा गाव जणू काही झालंच नाही असं उभं होतं. पितांबर नाना त्यांना म्हणाले, "थोडा गैरसमज झाला." मी तक्रार करीन म्हणाले. वकील ना मी! तानुबाईनं माझा पदर ओढला आणि मान हलवली. मोठी माणसं तक्रार करून घरी जातात, तिला पुढच्या बाजाराला याच रस्त्यानं यायचं होतं.

भटू चाक घेऊन आला, आम्ही गाडीत बसलो. गाडी महामार्गाला लागली. मी म्हटलं, "तानुबाई, उरलेली भाकरी दे. मला खायची आहे."

"ती पडनी ना ताई, चिखलमा."

मला रडू आलं. ती रडत नव्हती. फडक्यात गोळा केलेले मणी ती एकेक करून पुसत होती. मग म्हणाली, "ताई, मना फोटो टाका त्या पुस्तकवर. मांगला बाजूले. मोठा."

मला लेखकांचे फोटो आवडत नाहीत, मिरवणं वाटतं. पण त्या दिवशी मी काही नाकारणार नव्हते. "टाकू की," मी म्हणाले. "आपला दोघींचा टाकू."

"नही." ती मणी पुसतच होती. "मना एकलीना. तुमले काय गरज? तुमले त्यास्नी सोडी दिनं व्हतं."

ती हे टोचून बोलली नाही. म्हणूनच ते अजून निघत नाही.

नव्या आवृत्तीच्या मागच्या अख्ख्या पानावर तानुबाई आहे. डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, सरळ समोर बघणारी. प्रकाशकाला वाटलं, पोरांच्या पुस्तकाला हे चित्र फार गंभीर होतं. मी त्याच्यावर कोर्टातला आवाज चढवला. तानुबाईनं एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भाकरीच्या फडक्याजवळ ठेवली आहे. पाऊस असो की ऊन, ती प्रत झोळीतून हलत नाही.

आम्ही अजून गावोगाव जातो. आता दुपारी एकाच झाडाखाली बसतो. माझा डबा ती खाते, आणि ती आता बोंबील आणत नाही, नुसती भाकरी आणि तेल-तिखट आणते, तिचं मी खाते. पण मला अजून भीती वाटते. मोटरसायकल मागं थांबली की मान वळत नाही.

गावात शिरताना तानुबाई पुस्तक छातीशी उलटं धरते, फोटो लोकांकडं करून. टपरीवर दाखवते, पाराजवळ दाखवते, बसच्या कंडक्टरलाही दाखवते. लोक आधी फोटो बघतात, मग तिचं तोंड बघतात, मग पुन्हा फोटो बघतात. मी तिच्या मागून चालते. मला कुणी काही विचारत नाही.